बिल तपासायचं कुठून? बेरजेच्या आधी झालेल्या चुका शोधण्याची रीत

बिल हातात आलं की बहुतेक जण आधी तळाचा एकूण आकडा बघतात. फारच शंका आली तर मोबाइल काढून बेरीज करतात. बेरीज जमते, आणि पैसे देऊन मोकळे होतात. या तपासणीचा फारसा उपयोग नसतो. दिलेले आकडे मिळवण्यात यंत्र चुकत नाही. चूक झालेली असते ती आकडे आत जाताना: नग जास्त टाकला, जुना दर लागला, दिवस चुकीचे मोजले, परत केलेली वस्तू वजा झाली नाही.

म्हणजे बिल बिलाशीच ताडून काही हाती लागत नाही. ते बाहेरच्या कशाशी तरी ताडावं लागतं: फळीवरच्या किमतीशी, मीटरशी, ऑर्डरच्या मेसेजशी, दवाखान्यातल्या औषधांच्या नोंदीशी. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ठरवा, कोणतं बिल तपासायचं

प्रत्येक पावतीवर अर्धा तास घालवणं कुणालाच जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. काही बिलं मात्र डोळे झाकून भरू नयेत. नव्या सेवेचं पहिलं बिल, काहीतरी बदलल्यानंतरचं बिल (प्लॅन बदलला, घर बदललं, मीटर बदलला), सेवा बंद करतानाचं शेवटचं बिल, आणि कोणतंही मोठं एकरकमी बिल. चुका होतात त्या मुख्यतः अशा सांध्यांवर. दर महिन्याला तेवढंच येणारं बिल मागच्या बिलाशेजारी ठेवून पाहिलं तरी पुरतं. हंगामी वापर असेल तर मागच्या महिन्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा.

तपशीलवार बिल मागा

'साहित्य व मजुरी – एकूण' अशा एका ओळीचं बिल तपासताच येत नाही. प्रत्येक ओळीत वस्तूचं किंवा सेवेचं नाव, नग किंवा मात्रा, दर आणि रक्कम असलेलं बिल मागा. 'इतर', 'किरकोळ', 'संकीर्ण' अशी ओळ दिसली तर त्यात काय आहे ते विचारा. मागण्यात संकोच वाटू देऊ नका. ज्यांचा हिशेब नीट असतो, त्यांना तपशील द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

कार्डयंत्रातून निघणारी चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. ती फक्त पैसे गेल्याचा पुरावा आहे. कशाचे गेले ते बिलच सांगतं. दोन्ही जवळ ठेवा आणि दोन्हींवरची रक्कम एकच आहे ना, ते बघा. बिल एक आणि यंत्रात टाइप केलेली रक्कम दुसरीच, असं होतं. विशेषतः रक्कम हाताने टाकायची असेल तेव्हा.

वाचायचा क्रम

बिल वरून खाली वाचा, तळापासून वर नको. आधी नाव, ग्राहक क्रमांक, पत्ता आणि कालावधी. शेजाऱ्याचं बिल आपल्या नावावर येण्याची किंवा एकच आठवडा दोन बिलांत येण्याची चूक इथेच सापडते. मग मागील थकबाकी: गेल्या वेळी भरलेली रक्कम जमा दिसते का? मग एकेक ओळ. प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारायचे. हे मी खरंच घेतलं का? दर ठरला होता तोच लागलाय का? जमलं की पेन्सिलने टिक. जिथे टिक होत नाही तिथे थांबू नका, खूण करून पुढे जा. एका ओळीचं उत्तर कित्येकदा दुसऱ्या ओळीत सापडतं.

सूट आणि कर सगळ्यात शेवटी. इथे तीन ठिकाणी गफलत होते.

पहिली, सुटीवर सूट. २० टक्के आणि वर १० टक्के म्हणजे ३० टक्के नव्हे. १,००० चे आधी ८०० होतात, मग ८०० चे १० टक्के जाऊन ७२० उरतात. सूट २८ टक्केच पडली. यात दुकानाची चूक नाही, पण जाहिरातीत 'एकूण ३० टक्के' लिहिलं असेल तर विचारायला हरकत नाही.

दुसरी, किमतीत कर धरलेला असताना वरून पुन्हा कर लावणं. किंमत करासह ११० आणि कराचा दर १० टक्के असेल तर त्यातला कर १० आहे. ११० चे १० टक्के म्हणून ११ काढले तर ते चूक. सूत्र सोपं आहे: करासहची रक्कम गुणिले दर, भागिले (१०० अधिक दर).

तिसरी, सूट देण्याआधीच्या रकमेवर कर लावणं. काही सवलतींत, उदाहरणार्थ कुपनचे पैसे तिसरंच कुणी देत असेल तर, नियमानेही तसं असू शकतं. म्हणून भांडायला न जाता नुसतं विचारा.

पैशा-दोन पैशांचा फरक सोडून द्या. काही यंत्रणा प्रत्येक ओळ पूर्ण पैशांत आणतात, काही फक्त शेवटची बेरीज. त्यातून एवढा फरक पडतोच.

दुकानातली पावती

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जेम्स रिटी या मद्यालय चालवणाऱ्या माणसाने आपल्या भावासोबत गल्ल्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गल्ल्यावरचे नोकर पैसे खिशात घालत होते, त्यांना आळा घालणं हा हेतू. कागदाची गुंडाळी या यंत्राला पुढे जोडली गेली. म्हणजे हे यंत्र जन्मापासून मालकाच्या सोयीचं, गिऱ्हाइकाच्या नव्हे. म्हणूनच पावतीवर काउंटर क्रमांक, कॅशियरचा कोड, मिनिटापर्यंतची वेळ असं आपल्याला बिनकामाचं वाटणारं बरंच काही छापलेलं असतं. वाद झाला की तेच कामाला येतं. या तपशिलावरून दुकानाला नेमका तो व्यवहार शोधता येतो.

'स्कॅन केलंय, चुकेल कसं?' असं उत्तर कधीकधी मिळतं. बारकोड सहसा बरोबरच वाचला जातो, कारण नेहमीच्या तेरा आकडी बारकोडचा शेवटचा आकडा पडताळणीसाठीच असतो. पण त्या रेघांमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूचा क्रमांक असतो. किंमत येते दुकानाच्या संगणकातून. फळीवरची चिठ्ठी बदलली आणि संगणकात दर बदलायचा राहिला, किंवा उलट झालं, की दोन किमती तयार होतात. सवलत सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी आणि संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हे जास्त होतं. सवलतीची वस्तू घेताना फळीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला की पुढचं सगळं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. सवलत नेमक्या कोणत्या मापावर किंवा प्रकारावर आहे, तेही त्या चिठ्ठीवर वाचून घ्या; बऱ्याच वेळा शेजारच्या तशाच दिसणाऱ्या पाकिटावर ती नसते.

सुटा माल तोलून घेतला तर वजनकाट्यातून निघणाऱ्या चिकटपट्टीचा बारकोड वेगळा असतो. त्यात वजन किंवा रक्कमच बसवलेली असू शकते. तिथे भांड्याचं किंवा पिशवीचं वजन वजा झालं का, आणि काट्यावर योग्य मालाचा कोड दाबला का, एवढं बघायचं.

उरलेल्या चुका नगांच्या. तीन साबण घेतले, कॅशियरने '३' दाबलं आणि पुन्हा तिन्ही स्कॅन केले. किंवा एका साबणाऐवजी सहांच्या खोक्याचा बारकोड लागला. पिशवीतल्या वस्तू मोजा आणि पावतीवरचे एकूण नग बघा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि ते काउंटरवरून हलायच्या आधी करायचं. 'दोनावर एक मोफत' यांसारख्या योजनांची वजावट बहुधा पावतीच्या तळाशी एकत्र येते. ती ओळ नसेल तर योजना लागलेली नाही.

हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क आधीच लावलंय का, ते बघूनच वर टीप ठेवायची की नाही हे ठरवा.

मीटरची बिलं

वीज, पाणी, गॅस यांचं बिल तपासायचं तर पैशांकडे नंतर बघा, आधी युनिट. चालू रीडिंग वजा मागील रीडिंग बरोबर वापर, हे जुळलं का? मागील रीडिंग म्हणजे गेल्या बिलातलं चालू रीडिंगच आहे का? मीटरचा क्रमांक आपल्याच मीटरचा आहे का? इमारतीत एकाच फळीवर मीटर ओळीने असले की दोन घरांची अदलाबदल सहज होते.

एक उदाहरण घेऊ. मागील रीडिंग ४,१३२, चालू ४,८३५, वापर ७०३ युनिट. घरात महिन्याला सरासरी २५० युनिट लागतात. बिल हातात पडलं ते रीडिंगनंतर दहा दिवसांनी. तक्रार लिहायला बसण्याआधी मीटर बघा. आज तिथे ४,४६९ आहे. मीटर मागे जात नाही, म्हणजे दहा दिवसांपूर्वी तो ४,८३५ वर असणं शक्यच नाही. रोजचा वापर साधारण ८.४ युनिट धरला तर दहा दिवसांचे ८४ वजा करून त्या दिवशीचं रीडिंग ४,३८५ च्या आसपास येतं. आता ४,३८५ आणि ४,८३५ शेजारी ठेवा. तीन आणि आठ यांची जागा बदलली आहे. फरक ४५०, आणि त्याला नऊने पूर्ण भाग जातो. दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. हिशेबनीसांची ही जुनी युक्ती कुठल्याही बिलाला लागू पडते.

रीडिंगमधली छोटी चूक पुढच्या वेळी आपोआप भरून निघते, असं सांगितलं जातं. युनिटांपुरतं ते खरं आहे. पण वापर वाढेल तसा दर वाढत असेल तर एका महिन्यात फुगलेली युनिटं महाग टप्प्यात जातात आणि पुढच्या महिन्यात कमी झालेली युनिटं स्वस्त टप्प्यातून वजा होतात. पैशांचा फरक उरतोच. अंदाजे रीडिंगवर काही महिने बिल येत राहिलं आणि मग खरं रीडिंग एकदम घेतलं, तर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो. अशा वेळी ती युनिटं जितक्या महिन्यांत वापरली तितक्या महिन्यांत विभागून आकारणी मागा.

कालावधीचे दिवसही मोजा. ३५ दिवसांचे ३५० युनिट आणि २८ दिवसांचे २८० युनिट हा वापर एकच आहे, रोजचे दहा. टप्प्यांची मर्यादा महिन्याला ठरलेली असेल तर जास्त दिवसांच्या बिलात तीही त्या प्रमाणात वाढवलेली असायला हवी.

रीडिंग बरोबर आहे आणि तरी बिल भलतंच आहे, तर घर तपासा. घरातली सगळी उपकरणं बंद केल्यावर विजेचा मीटर थांबला पाहिजे. चालत राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्या कुणाची जोडणी आहे. मग एकच ओळखीचं उपकरण लावा. एक युनिट म्हणजे १,००० वॉटचं उपकरण एक तास. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा दिवा असतो आणि किती वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होतो तो आकडा शेजारी छापलेला असतो. त्यावरून पंधरा मिनिटांतही अंदाज येतो.

पाण्याच्या मीटरसाठी रात्री सगळे नळ बंद करून रीडिंग लिहा आणि सकाळी पाणी वापरायच्या आधी पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर गळती आहे. पहिला संशय संडासाच्या फ्लश टाकीवर घ्यावा. टाकीत थोडा रंग टाका. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर तिथेच पाणी जातंय. अशा वेळी बिल बरोबर असतं, आणि तक्रारीऐवजी प्लंबर लागतो.

हॉस्पिटलचं बिल

हे सगळ्यात अवघड बिल. घेणारा आजारी असतो, नातेवाईक थकलेले असतात आणि घरी जायची घाई असते. त्यामुळे तपासणी शेवटच्या दिवशी सुरू करून चालत नाही. दाखल झाल्यापासून एक छोटी वही उशाशी ठेवा. कोणते डॉक्टर कधी येऊन गेले, कोणत्या तपासण्या झाल्या, कोणती औषधं मागवली, कोणती परत केली, खोली कधी बदलली. नातेवाईक आळीपाळीने थांबत असले तरी वही एकच असावी. रोजचं अंतरिम बिल मिळत असेल तर तेही घ्या.

बिल आलं की पहिला आकडा दिवसांचा बघा. चार तारखेला रात्री ११ वाजता दाखल, सात तारखेला सकाळी १० वाजता घरी. रात्री तीन, तारखा चार. यांपैकी काय मोजतात आणि दिवस किती वाजता बदलतो, हे आधीच विचारून ठेवा. पाच दिवस लागले असतील तर चूक उघड आहे. आणि ती फक्त खोलीच्या भाड्यापुरती राहत नाही. शुश्रूषा शुल्क, डॉक्टरांच्या फेऱ्या, एखाद्या उपकरणाचं भाडं हे सगळं दिवसांशी बांधलेलं असतं. दिवसाचा आकडा एक ठिकाणी चुकला की चार ओळी फुगतात.

नंतर तपासण्या. प्रत्येक तपासणीचा अहवाल असायला हवा. अहवाल नाही तर ती तपासणी झाली का, हे विचारा. डॉक्टरांनी लिहिली आणि मागाहून रद्द केली, पण बिलात राहून गेली, असं घडतं. इंजेक्शनांचा हिशेब वेळेवरून करा: दर आठ तासांनी, तीन दिवस, म्हणजे नऊ. बिलात चौदा असतील तर नर्सच्या नोंदीचा कागद दाखवायला सांगा. परत केलेल्या औषधांची पावती स्वतःकडे ठेवा आणि ती रक्कम वजा झाली का बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावं, कारण औषधं परत जातात औषध विभागात आणि बिल तयार होतं दुसऱ्याच टेबलावर.

शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलं असेल तर त्यात काय धरलंय याची यादी लेखी घ्या. हातमोजे, सुया, शस्त्रक्रियागृहाचं भाडं पॅकेजमध्येही आणि बाहेर वेगळ्या ओळींतही आले असतील तर ती दुहेरी आकारणी आहे.

'विमा कंपनीच देणार आहे, आपल्याला काय?' हा विचार महागात पडतो. चुकीची रक्कमही आपल्याच विम्याच्या मर्यादेतून जाते, आणि वर्षात पुन्हा गरज पडली तर तेवढी कमी उरते.

वर्गण्या, फोन आणि कार्डाचं विवरण

सेवेच्या पहिल्या बिलात चालू महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढच्या महिन्याची आगाऊ रक्कम अशा दोन गोष्टी असू शकतात, म्हणून ते मोठं दिसतं. सेवा बंद करताना याच्या उलट तपासायचं: भरलेली आगाऊ रक्कम परत आली का, अनामत मिळाली का. मोफत चाचणीचा काळ संपला की पूर्ण दर आपोआप लागतो. रद्द केल्याचा मेसेज येईपर्यंत रद्द झालं असं धरू नका, आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा.

कार्डाच्या विवरणात एकच रक्कम दोनदा दिसली तर आधी ती 'प्रलंबित' आहे की 'पूर्ण', ते बघा. हॉटेलं, भाड्याच्या गाड्या आणि इंधनाचे पंप काही रक्कम राखून ठेवतात. खरी रक्कम नंतर लागते आणि राखलेली सुटते. दोन्ही नोंदी पूर्ण झाल्या असतील तरच ती दुहेरी वसुली. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि विवरणातलं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा तारीख आणि रक्कम बघून पावतीशी जुळवा. पण अगदी छोटी, अनोळखी रक्कम दुर्लक्षू नका. चोरलेलं कार्ड चालतं का, हे आधी अशाच किरकोळ रकमेने तपासलं जातं.

परदेशात कार्डयंत्र कधीकधी विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात देणार की स्थानिक? स्थानिक चलन निवडणं बहुधा स्वस्त पडतं, कारण दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी लावते आणि त्यात तिचा नफा असतो.

फरक मिळाला, पण चूक सापडत नाही

आपला हिशेब आणि बिल यांतल्या फरकाकडेच नीट बघा. फरक बिलातल्या एखाद्या ओळीएवढाच असेल तर ती ओळ दोनदा लागली किंवा आपल्याकडून सुटली. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या ओळीत असेल तर वजा व्हायची रक्कम अधिक झाली आहे. परताव्यांच्या बाबतीत हे हमखास घडतं. नऊने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असावी किंवा एखादं शून्य कमीजास्त पडलं असावं. ९० चे ९०० झाले तर फरक ८१०, तोही नऊच्याच पटीतला. यातलं काहीच लागू पडलं नाही तर दर आणि दिवस पुन्हा बघा.

तक्रार कशी करायची

काउंटरवरच्या माणसाने ही चूक मुद्दाम केली असेल असं धरून बोलू नका. बहुतेक वेळा त्याला ती माहीतही नसते, आणि दुरुस्त करायचा अधिकारही नसतो. ओळ दाखवा, पुरावा दाखवा, अधिकार असलेल्या माणसाला बोलवायला सांगा. मोठ्या बिलासाठी लेखी द्या, थोडक्यात. वरच्या मीटरचंच घ्या:

'ग्राहक क्रमांक अमुक, बिल दिनांक अमुक. बिलात चालू रीडिंग ४,८३५ दाखवलं आहे. रीडिंगनंतर दहा दिवसांनी, आज, मीटरवर ४,४६९ आहे; तारखेसह फोटो जोडला आहे. ४,३८५ ऐवजी ४,८३५ नोंदलं गेलं असावं. कृपया पुन्हा रीडिंग घेऊन दुरुस्त बिल द्यावं आणि तोपर्यंत दंड अथवा व्याज लावू नये. तक्रार क्रमांक कळवावा.'

एवढं पुरे. त्यात राग, जुन्या तक्रारी, 'ग्राहकांची लूट' वगैरे आलं की वाचणाऱ्याला मुद्दा शोधावा लागतो. वाद नसलेली रक्कम मुदतीत भरा, नाहीतर विलंब आकार लागेल. फक्त वादातली रक्कम रोखता येते का, की पूर्ण भरून परतावा मागायचा, हे आधी विचारून घ्या. खात्यातून रक्कम आपोआप वळती होत असेल तर बँकेला वेळेत सांगा. कार्डावरच्या वादाला मुदत असते, म्हणून दुकानाशी महिनाभर पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा बँकेला समांतर कळवून ठेवा.

चूक आपल्या फायद्याची निघाली तरी सांगावं, असं माझं मत आहे. मीटरच्या बिलात तर ती थकबाकी म्हणून एकदम येऊन आदळते, आणि तोवर आपण ते पैसे खर्च करून बसलेले असतो.

पावत्या उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. बऱ्याच पावत्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि तेलकट हात यांनी अक्षरं पुसट होतात. घेतल्याबरोबर फोटो काढा. हमीच्या वस्तूंच्या पावत्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

'पुढच्या बिलात वळतं करून देतो' असं तोंडी सांगितलं तर दुरुस्त बिल किंवा जमापत्र मागा. पुढचं बिल आलं की ती रक्कम वजा झाली का, आणि मधल्या काळातला विलंब आकार काढला का, या दोन ओळी बघा. नसतील तर तोच तक्रार क्रमांक देऊन पुन्हा लिहा, या वेळी वरच्या अधिकाऱ्याला प्रत पाठवून.